टेक्मो सुपर बोल : दोन बटणांत मावलेला अमेरिकन फुटबॉल

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा बघताना आपल्या माणसाला एकच प्रश्न पडतो, हे लोक सारखे थांबतात का? पाच सेकंद धावपळ, ढकलाढकली, माणसांचा ढीग, शिट्टी, आणि मग परत सगळे घोळका करून उभे. मी कामानिमित्त दोन वर्षं विस्कॉन्सिनमध्ये होतो तेव्हा ऑफिसातले लोक रविवारी तीन-तीन तास टीव्हीसमोर बसायचे आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही, दोघातिघांनी नियम समजावले, नियम कळलेसुद्धा, पण गोडी नेमकी कुठे आहे ते कळेना. ती कळली एका सहकाऱ्याच्या घरी, तळघरात, जुन्या फुगीर टीव्हीला जोडलेल्या निन्टेन्डोवर. गेमचं नाव टेक्मो सुपर बोल, साल १९९१. चित्रं ठोकळ्यांसारखी, आवाज पिपाणीसारखा, आणि तरी अर्ध्या तासात मला जे कळलं ते टीव्हीवरचे डझनभर सामने बघून कळलं नव्हतं: हे लोक थांबतात तेव्हाच खरा खेळ चाललेला असतो.

आधी खेळाबद्दल जेवढं लागेल तेवढंच सांगतो. मैदान १०० यार्डांचं, दोन टोकांना एंड झोन. ज्याच्याकडे बॉल आहे त्या टीमला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, आणि चार डाउनमध्ये मिळून १० यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की परत नवे चार डाउन, नाही सरकलात तर बॉल समोरच्याला. बॉल घेऊन एंड झोनमध्ये पोचलात की टचडाऊन, ६ पॉइंट, वर किक मारून आणखी १. लांबूनच किक मारून खांबांमधून घातलात तर फील्ड गोल, ३ पॉइंट. पुढे सरकायचे मार्ग दोनच, बॉल हातात घेऊन पळा किंवा पुढे फेका. पळणं म्हणजे रन, फेकणं म्हणजे पास. मैदानावर हे प्रत्यक्ष चालवतो तो क्वार्टरबॅक.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर कबड्डी. कबड्डीत प्रत्येक चढाई हा एक आख्खा छोटा डाव असतो, चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधी पलीकडे साखळी कशी उभी आहे, कोपरारक्षक पुढे आलाय का, हे बघतो, मनात काहीतरी ठरवतो, आणि समोरचे सातजणही त्याच वेळी याच्या मनात काय आहे ते ताडत असतात. चढाई संपली की सगळे पुन्हा जागेवर. अमेरिकन फुटबॉल म्हणजे तेच, फक्त इथे दोन्हीकडचे अकरा-अकरा जण आधीच ठरवलेली एकेक चाल खेळतात आणि दोन चालींच्या मध्ये नवी चाल ठरते. त्या चालीला प्ले म्हणतात, आणि बॉल मागे क्वार्टरबॅकच्या हातात दिला जातो तो क्षण म्हणजे स्नॅप. एवढं पुरे.

आता गेमकडे. टेक्मो ही जपानी कंपनी. १९८८ साली यांनीच निन्जा गायडेन काढला होता, ज्याच्यात मध्येमध्ये मांगासारखी, म्हणजे जपानी चित्रकथांसारखी हलती चित्रं येऊन गोष्ट सांगतात. तीच कला यांच्या फुटबॉलच्या गेममध्येही दिसते. आधी १९८७ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आणि मग १९८९ साली निन्टेन्डोवर टेक्मो बोल नावाचा पहिला गेम आला, निन्टेन्डोवरच्या गेममध्ये १२ टीम, एका बाजूला ९ खेळाडू आणि प्रत्येक टीमला फक्त चार प्ले. डिसेंबर १९९१ मध्ये आला तो टेक्मो सुपर बोल, आणि ही उडी फार मोठी होती. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या तेव्हाच्या सगळ्या २८ टीम, अकरा विरुद्ध अकरा, १९९१ चं खरं वेळापत्रक, खऱ्या खेळाडूंची नावं, आठ प्ले, आणि कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये बसवलेल्या बॅटरीमुळे आख्खा सीझन सेव्ह होतो, कुणी किती यार्ड पळालं, किती पास पूर्ण झाले, कुणी किती पास अडवून हिसकावले, सगळे आकडे जमा होत राहतात आणि लीगमध्ये पहिला कोण ते दिसतं. आज हे कुठल्याही मोबाईल गेममध्ये असतं. तेव्हा घरात टीव्हीसमोर बसलेल्या बारा वर्षांच्या पोराला हे म्हणजे स्वतःची लीग मिळाल्यासारखं होतं.

आणि हे सगळं बसवलंय कुठे? ते मशीन म्हणजे आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले व्हिडीओ गेम आठवतात ना, ज्याच्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळून अंगठ्याला घट्टे पडायचे, ते ज्या निन्टेन्डोची नक्कल होते तेच हे मूळ मशीन. त्याची कामापुरती मेमरी २ केबी. केबी, एमबी नाही. आख्खा गेम अर्ध्या एमबीपेक्षाही कमी जागेत, म्हणजे आज फोनवर काढलेल्या एका फोटोची जागासुद्धा याला लागत नाही. कंट्रोलरवर एक चौफुली आणि दोन बटणं, ए आणि बी. (स्टार्ट-सिलेक्ट धरत नाही, खेळताना त्यांचं काम नाही.)

मग या दोन बटणांत एवढा किचकट खेळ कसा बसवायचा? टेक्मोवाल्यांनी काय केलं ते नीट बघा, कारण गेमचा जीव इथे आहे. प्रत्येक प्लेच्या आधी स्क्रीनवर आठ चित्रं येतात, बॉल असलेल्या टीमचे आठ प्ले, चार रन आणि चार पास. बॉल असलेला खेळाडू चौफुलीची एक दिशा आणि एक बटण दाबून त्यातला एक निवडतो. कुठला निवडला ते स्क्रीनवर दिसत नाही. आणि त्याच वेळी बचाव करणारासुद्धा त्याच आठांपैकी एक निवडतो, म्हणजे तो बचावाची रचना निवडत नाही, तो सरळ ओळखतो की समोरचा काय खेळणार आहे. चुकीचं ओळखलं तर साधारण बचाव. रन येणार समजून बसलात आणि पास आला तर पलीकडचे खेळाडू मोकळे सुटतात. आणि नेमकं ओळखलं तर मग संपलंच, समोरची पुढची फळी कोसळते, बचावाची माणसं सगळीकडून क्वार्टरबॅकवर धावून येतात, ज्याच्याकडे बघावं त्याच्या अंगाला कुणीतरी चिकटलेला, बॉल हातात येऊन क्षण जात नाही तर तुम्ही जमिनीवर.

दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असतात. म्हणून कंट्रोलर शर्टाखाली घ्यायचा, किंवा मांडीच्या पलीकडे धरायचा, किंवा अंगठा मुद्दाम भलतीकडे हलवून दाखवायचा. माझा सहकारी प्ले निवडताना टीव्हीकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, ही तर दगड-कागद-कात्री झाली, यात कसब ते काय. पण तसं नाहीये, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. दगड-कागद-कात्रीत तिन्ही सारखे असतात. इथे आठ प्ले सारखे नसतात. तुमच्याकडे एखादा वाऱ्यासारखा पळणारा गडी असेल तर त्याचा रन हा तुमचा सगळ्यात भारी प्ले. मग तोच तोच का खेळू नये? कारण समोरच्यालाही माहितीये की तो तुमचा भारी प्ले आहे, तो तेच ओळखणार. म्हणून तुम्हाला अधूनमधून मुद्दाम कमजोर प्ले खेळावा लागतो, तो प्ले यार्ड मिळवून देतो म्हणून नाही तर समोरच्याच्या मनात शंका राहावी म्हणून, आणि ती शंका राहिली की मगच भारी प्ले चालतो. तिसरा डाउन आणि २ यार्ड हवेत, म्हणजे कुणीही रनच खेळणार, बरोबर? समोरचाही तेच म्हणतोय. मग पास टाकू? पण मी असा विचार करणार हे त्यालाही कळत असेल तर? हे मनात जे चालतं ना, खऱ्या मैदानावर बाजूला उभे असलेले कोच डोक्यात नेमकं हेच घेऊन उभे असतात, तोंडासमोर कागद धरून बोलतात ते समोरच्याने ओठ वाचू नयेत म्हणून. पुढच्या रविवारी मी टीव्हीवर सामना बघितला तेव्हा पहिल्यांदा त्या थांबण्याकडे बघत होतो, धावण्याकडे नाही.

गेममध्ये कोच नावाचा एक मोडसुद्धा आहे, त्यात तुम्ही फक्त प्ले निवडायचे, बाकी पळणं, फेकणं, पकडणं सगळं कॉम्प्युटर करतो. बटण दाबायची घाई अजिबात नाही, नुसतं ओळखायचं आणि बघत बसायचं. आणि तरीही मजा येते. याचा अर्थ गेम बनवणाऱ्यांना चांगलं माहीत होतं की आपण काय बनवलंय.

प्ले निवडल्यावर काय होतं ते पटकन सांगतो. स्नॅप घेतला की तुम्ही क्वार्टरबॅक असता. रन असेल तर बॉल आपोआप पळणाऱ्याच्या हातात जातो आणि आता तो म्हणजे तुम्ही. पास असेल तर बी दाबत एकेका भिडूवर नजर फिरवायची आणि ए दाबून फेकायचा. फेकल्यावर बॉल पोचतो तिथे दोघं जवळ असतील तर दोघांचे गुण आणि थोडं नशीब यावर निकाल. बचाव करताना स्नॅपच्या आधी अकरापैकी एक माणूस निवडायचा, तोच शेवटपर्यंत तुमचा, मध्येच बदलता येत नाही. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. मागे उभा असलेला माणूस घेतला तर सुरक्षित, पण पुढचं सगळं कॉम्प्युटरच्या हातात. पुढचा घेतला तर क्वार्टरबॅकवर झेप घालता येते पण चुकलात तर मागे तुमचं कुणी नाही. म्हणजे ओळखण्याचा डाव परत एकदा, दुसऱ्या पातळीवर.

दोन खेळाडू एकमेकांना भिडले की ए बटण धडाधड दाबायचं, जो जास्त वेगाने दाबेल तो दुसऱ्याला झटकून देतो. दोन माणसं खेळत असतील तर ही खरोखर बोटांची कुस्ती होते, तळघरात नुसता टकटक आवाज.

मैदान आडवं का दाखवलंय यावर मी बराच विचार केला, कारण आताच्या बहुतेक फुटबॉल गेममध्ये कॅमेरा क्वार्टरबॅकच्या पाठीमागे असतो. या निन्टेन्डोची एक मर्यादा होती, स्क्रीनच्या एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे एका वेळी दिसू शकतात, नववा आला की तो गायब. म्हणून तर त्या काळच्या गेममध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकायला लागतात. आता फुटबॉलमध्ये स्नॅपच्या वेळी दोन्ही फळ्या समोरासमोर ओळीने उभ्या असतात. मैदान उभं दाखवलं असतं तर ती आख्खी ओळ एकाच आडव्या रेषेवर आली असती आणि निम्मी माणसं दिसलीच नसती. आडवं दाखवल्यामुळे ओळ वरून खाली पसरते, एका रेषेवर थोडीच माणसं येतात. माझ्या मते २२ माणसं या मशीनवर उभी राहू शकली त्यात या आडवेपणाचा मोठा वाटा आहे. ढीग झाल्यावर ती लुकलुकतात ते लुकलुकतातच, पण तोवर प्ले संपलेला असतो.

मोक्याचे प्रसंग मात्र वेगळ्या मोठ्या चित्रांत येतात. लांबचा पास हवेत आहे आणि अचानक स्क्रीन बदलते, हात वर केलेला खेळाडू, बॉल बोटांवर, पकडला की निसटला? तो अर्धा सेकंद श्वास अडकतो. निन्जा गायडेनची कला ती हीच.

आता खेळाडूंचे गुण. प्रत्येकाला आकडे दिलेले आहेत, सुरुवातीचा वेग, वेग पकडायची ताकद, सगळ्यात जास्त वेग, धडकेची ताकद, आणि मग कामाप्रमाणे बॉल सांभाळणं, पकडणं, फेकीचा नेम वगैरे. शिवाय सीझनमध्ये प्रत्येकाची तब्येत प्रत्येक सामन्यागणिक बदलते, वाईट, साधारण, चांगली, उत्तम अशा चार पायऱ्या. तुमचा सगळ्यात चांगला पळणारा आज वाईटवर असेल तर त्याला खेळवायचा की बसवायचा हा निर्णय तुमचा. माणसं जखमीही होतात आणि काही सामने बाहेर बसतात.

धडकेच्या ताकदीवरून एक गंमत, कान्सास सिटी चीफ्सचा ख्रिश्चन ओकोये, मूळचा नायजेरियाचा, अंगाने पहाड. गेममध्ये कॉम्प्युटरने चालवलेला कमी ताकदीचा बचावपटू त्याला अडवायला आला की लाही फुटावी तसा उडून पडतो. याला खेळणारे लोक पॉपकॉर्न म्हणतात आणि एकदा बघितलंत की दुसरा शब्द सुचत नाही.

पण या गेमचा खरा राजा बो जॅक्सन. लॉस एंजेलिस रेडर्सचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. आधीच्या टेक्मो बोलमध्येच तो दंतकथा झाला होता, इथेही त्याचा सगळ्यात जास्त वेगाचा आकडा ७५ आहे आणि मैदानावर त्याच्या जवळपासचे फार थोडे. त्याला बॉल दिला आणि समोरच्याने नेमका तोच प्ले ओळखला नसेल तर तो सगळ्यांना मागे टाकतो. लोक मुद्दाम त्याला उलट्या दिशेने मागे पळवतात, मग वर, मग खाली, अकराच्या अकरा बचावपटू शेपटीसारखे मागे, घड्याळ चालू, आणि वेळ संपत आला की मग सरळ एंड झोनमध्ये.

यात अतिशयोक्ती किती आणि खरं किती? खरा बो जॅक्सन उन्हाळ्यात कान्सास सिटी रॉयल्सकडून बेसबॉल खेळायचा आणि बेसबॉलचा सीझन संपला की फुटबॉलला यायचा. ३० नोव्हेंबर १९८७ ला सिअॅटलमध्ये तो एका सामन्यात २२१ यार्ड पळाला, त्यातला एक टचडाऊन ९१ यार्डांचा. १९८९ मध्ये बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. म्हणजे गेममधला आकडा वेड्यासारखा वाटला तरी तो हवेतून आलेला नाही.

आणि आता जे सांगतोय ते मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ कंट्रोलर खाली ठेवला होता. १३ जानेवारी १९९१ ला प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात बोच्या कमरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि त्यानंतर तो फुटबॉल पुन्हा कधीच खेळला नाही. गेम आला डिसेंबर १९९१ मध्ये. म्हणजे ज्या दिवशी हे कार्ट्रिज दुकानात आलं त्या दिवशी खरा बो जॅक्सन फुटबॉलमधून कायमचा बाहेर पडलेला होता, आणि इथे मात्र तो धडधाकट, वेग ७५, कुणाच्या हाताला न लागणारा. (बेसबॉलला तो परत आला, १९९३ मध्ये कृत्रिम सांधा बसवून, आणि परतल्यावर पहिल्याच वेळी बॅट हातात घेऊन होम रन मारला.) खेळाच्या गेममध्ये आपण आकडे बघतो, पण हे आकडे म्हणजे एका ठरावीक वर्षाचा फोटो असतो, आणि या फोटोत एक माणूस असा आहे ज्याचं पुढचं सगळं त्या वर्षातच राहून गेलं.

दुसरी विचित्र गोष्ट नावांची. बफेलो बिल्सची टीम उघडलीत तर क्वार्टरबॅकच्या जागी माणसाचं नावच नाही, तिथे लिहिलंय क्यूबी बिल्स, क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक. फिलाडेल्फियाला क्यूबी ईगल्स. क्लीव्हलँडला क्यूबी ब्राऊन्स. बाकी सगळ्यांची नावं आहेत, जो मोंटाना आहे, डॅन मरीनो आहे, हेच तिघे बिननावाचे. हे तिघे कोण ते तेव्हा शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं, जिम केली, रँडल कनिंगहॅम आणि बर्नी कोझार.

कारण समजून घ्यायचं तर लायसन्स दोन प्रकारचं असतं हे लक्षात घ्या. टीमचं नाव, शहर, चिन्ह हे लीगच्या मालकीचं. खेळाडूचं नाव ही खेळाडूची मालमत्ता, ती वापरायची परवानगी खेळाडूंची संघटना सगळ्यांच्या वतीने एकगठ्ठा देते. १९८९ च्या टेक्मो बोलकडे फक्त संघटनेची परवानगी होती, म्हणून त्यात खेळाडूंची नावं खरी पण टीमला नुसती शहरांची नावं. टेक्मो सुपर बोलच्या वेळी दोन्ही परवानग्या घेतल्या. पण या तिघांची नावं त्या गठ्ठ्यात नव्हती, आणि नाव नाही म्हणून टीमला क्वार्टरबॅकच न ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून आकडे ठेवले आणि पाटी कोरी केली. गंमत अशी झाली की क्यूबी ईगल्स हे स्वतःच एक पात्र झालं. खरा कनिंगहॅम १९९० च्या सीझनमध्ये क्वार्टरबॅक असून ९४२ यार्ड पळाला होता, तेव्हा गेममध्येही हा क्वार्टरबॅक पास टाकायचा सोडून स्वतःच पळत सुटतो आणि हाताला लागत नाही. जुने खेळणारे आजही कनिंगहॅम म्हणत नाहीत, क्यूबी ईगल्सच म्हणतात.

बिल्सबद्दल थोडं जास्त सांगतो कारण शेवटी लागणार आहे. गेममधली ती अगदी वरच्या फळीतली टीम, थर्मन थॉमस पळायला, आंद्रे रीड पकडायला, बचावात ब्रूस स्मिथ. खरे बिल्स सलग चार वर्षं सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि चारही हरले. त्यातला पहिला २७ जानेवारी १९९१ ला न्यूयॉर्क जायंट्सशी. शेवटची काही सेकंद उरलेली, बिल्स १९, जायंट्स २०, स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून किक मारायला आला आणि बॉल उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. गेममध्ये नॉरवूड आहे. किक मात्र तुमच्या अंगठ्यावर.

खोड्या आणखीही आहेत. या गेममध्ये पेनल्टी नाहीच. खऱ्या सामन्यात पंच दर थोड्या वेळाने पिवळा रुमाल फेकतात, इथे पंच कुणालाच काही बोलत नाही, आणि मला वाटतं हा विसर पडलेला नाही, हा निर्णय आहे, त्यामुळेच तर सामना सरसर पुढे जातो. बचावाच्या फळीच्या अगदी मध्ये उभा असतो तो नोज टॅकल, तो घेऊन स्नॅपच्या बरोब्बर क्षणाला सूर मारला तर तो समोरच्या माणसाला ओलांडून थेट क्वार्टरबॅकवर पडतो, प्ले उघडायच्या आतच खलास. हे कसब म्हणायचं की गेमची चूक, यावर खेळणाऱ्यांत कायम भांडण. माझ्या सहकाऱ्याच्या तळघरात याला साफ बंदी होती. माझंही मत तेच, कारण त्याने ओळखण्याचा डावच मारला जातो.

आणि एकट्याने सीझन खेळत असाल तर एक लक्षात ठेवा, तुम्ही जिंकत जाल तसा कॉम्प्युटर बळकट होत जातो. लोक त्याला ज्यूस म्हणतात, कॉम्प्युटरला ज्यूस मिळाला. सीझनच्या सुरुवातीला हाताला सहज लागणारी टीम शेवटी शेवटी अशी पळते की ही तीच का असं वाटतं, तुमच्या हातातून बॉल निसटायला लागतात, सरळ पास अडवले जातात. नवीन माणूस चिडतो. ठाऊक असलेला माणूस पहिल्याच आठवड्यापासून घाई न करता बॉल आपल्याकडे ठेवून घड्याळ संपवायची सवय लावून घेतो.

मॅडनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. फुटबॉलच्या गेममध्ये सगळ्यात मोठं नाव तेच, १९८८ मध्ये अॅपल टू या कॉम्प्युटरवर सुरुवात झाली, जॉन मॅडन हे रेडर्सचे माजी कोच, त्यांनी अट घातली होती की माझं नाव लावायचं तर एका बाजूला अकराच माणसं हवीत, कमी चालणार नाहीत. मॅडनची वाट अचूकपणाची, दरवर्षी जास्त प्ले, जास्त रचना, खऱ्याच्या जास्त जवळ. ती वाट चांगलीच आहे आणि खेळ आधीच येत असेल तर तिथे खूप काही मिळतं. पण मला खेळ येत नव्हता. शेकडो प्ले समोर आले असते तर मी कुठला तरी एक दाबून मोकळा झालो असतो. आठ होते म्हणून मी विचार केला.

हा गेम अजून जिवंत आहे तो चाहत्यांमुळे. लोक मूळ प्रोग्रॅम उघडून त्यात दरवर्षी नव्या सीझनचे खेळाडू आणि आजच्या ३२ टीम भरतात, म्हणजे १९९१ च्याच मैदानावर आजचे क्वार्टरबॅक. अधिकृतपणे परत विकणं मात्र अवघड, कारण तेच लायसन्स. २०१६ मध्ये निन्टेन्डोने जुने गेम घातलेलं छोटं मशीन काढलं, त्यात जुना टेक्मो बोल होता, पण खेळाडूंची नावं काढून नुसते जर्सीचे नंबर. त्यात बो जॅक्सन म्हणजे फक्त ३४.

विस्कॉन्सिनमध्येच मॅडिसन शहरात दरवर्षी या गेमची मोठी स्पर्धा भरते, टेक्मो मॅडिसन नावाची, जुने टीव्ही, जुनी मशीन, आणि चाळिशी-पन्नाशीचे लोक लांबून येऊन ए बटण बडवत असतात. तिथली एक पद्धत मला फार आवडली. टीम तर सारख्या नाहीत, मग न्याय कसा? एकाने दोन टीमची जोडी सांगायची आणि त्यातली आपल्याला कुठली हवी ते दुसऱ्याने निवडायचं. घरात दोन भावंडांत वडी वाटताना एकाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, तसंच. त्यामुळे जोडी सांगणारा मुद्दाम तोलून मापूनच सांगतो, शिवाय समोरचा कुठली उचलेल याचा अंदाज घेतो. म्हणजे पहिला प्ले निवडायच्याही आधी ओळखण्याचा डाव सुरू.

मी परत यायच्या आधीच्या शनिवारी आम्ही तळघरात याच पद्धतीने खेळलो. नाणं उडवलं, जोडी त्याने सांगायची आणि टीम मी घ्यायची असं ठरलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, प्ले निवडताना बघायचा तसाच, आणि म्हणाला, बिल्स आणि जायंट्स.

मी बिल्स घेतली.